ऱ्हिओच्या कळीत जोड्या दिसत नाहीत, माळ दिसते. क्रॉसिंग ओव्हर दाखवायचं कसं?

घडियाळी_पोळ (बडोदे), १२ नोव्हेंबर

नमस्कार. मी घरी अकरावी-बारावीच्या पाच मुलींना जीवशास्त्र शिकवते. सध्या पेशीविभाजनाचा धडा चालू आहे. यंदा दसऱ्याला एक जुना मायक्रोस्कोप घेतला, त्यामुळे या वेळी फळ्यावरच्या चित्रांवर भागवायचं नाही असं ठरवलं होतं. कांद्याच्या मुळाची स्लाइड पहिल्याच दिवशी छान आली. गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली गेलेली प्रत्येकीला दिसली. दोघी तर मायक्रोस्कोप सोडायलाच तयार नव्हत्या.

मग आलं अर्धसूत्री विभाजन, परागकण आणि बीजांडं बनताना गुणसूत्रं निम्मी करणारं. त्यात आधी जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, तेच क्रॉसिंग ओव्हर. आमच्या गच्चीत ऱ्हिओच्या चार कुंड्या आहेत. पानं वरून हिरवी, खालून जांभळी, आणि बुंध्याशी होडीसारख्या आवरणात बारीक पांढरी फुलं, तेच झाड. बारा महिने कळ्या मिळतात, गुणसूत्रं फक्त बारा आणि चांगली मोठी, हे कॉलेजात शिकल्याचं लक्षात होतं. कळ्या काढल्या, परागकोश ॲसिटोकार्मिनमध्ये ठेवून दाबले. तीन दिवस रंगच चढेना, चौथ्या दिवशी चढला. पण सहा जोड्या कुठेच नाहीत! एका पेशीत बाराही गुणसूत्रं टोकाला टोक लावून एका वेड्यावाकड्या माळेत. शेजारच्या पेशीत त्या माळेचे दोन तुकडे, एकात सात, दुसऱ्यात पाच. पुस्तकात एक्ससारखा फाटा दाखवतात, कायाझ्मा म्हणतात तो, तसला एकाही पेशीत सापडला नाही.

एका मुलीने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "टीचर, यात क्रॉसिंग ओव्हर कुठे झालं?" मला सांगता आलं नाही. मग ती म्हणाली, "मग ते होतं हे कोणी पाहिलंय?" तिने अगदी मनापासून विचारलं होतं. उत्तर मिळाल्याशिवाय ती पुढच्या पानावर जात नाही, आणि "पुस्तकात दिलंय" एवढंच सांगून तिला गप्प करायची माझी इच्छा नाही.

दाबताना माझं काही चुकतंय का? दुसरं कुठलं झाड घेऊ? आणि तिच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं काय करू?

---

स्लाइडवाला_काका (बडोदे), १२ नोव्हेंबर

ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. स्लाइड उत्तम आली आहे. मी बडोद्यातच एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली आणि दर वर्षी ऱ्हिओच्या बाबतीत हेच व्हायचं. मुलं माळ बघायची, पुस्तकाशी जुळत नाही म्हणून स्लाइड नळाखाली धरायची. मी धावत जाऊन हात धरायचो.

आधी ती माळ काय आहे ते सांगतो. तुम्ही लहानपणी भोंडला खेळला असालच. आणि फुगडीही. नेहमीच्या झाडात अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं फुगडीसारखी असतात. आईकडून आलेलं एक, बापाकडून आलेलं एक, दोघांनी हातांची कैची करून एकमेकांना धरलेलं. ऱ्हिओत मात्र फुगड्या नसतात, भोंडल्याचा फेर असतो. या झाडाच्या पूर्वजांत कधीतरी वेगवेगळ्या गुणसूत्रांची टोकं तुटून भलत्याच गुणसूत्रांना जोडली गेली. त्यामुळे आज प्रत्येक गुणसूत्राचं एक टोक एकाशी जुळतं आणि दुसरं टोक दुसऱ्याच कुणाशी. उजवा हात एकीच्या हातात, डावा दुसरीच्या. असं करत बाराव्यापर्यंत गेलं की फेर पुरा होतो. नशीब असेल तर तुम्हाला पूर्ण बंद कडं दिसेल. बहुतेक वेळा ते कुठेतरी सुटलेलं असतं, तुम्हाला दिसलं तसं.

आता तुमच्या मुलीचा पहिला प्रश्न. यात क्रॉसिंग ओव्हर कुठे झालं? तिला पुन्हा मायक्रोस्कोपवर बसवा आणि सांगा, माळेतला मणी मण्याला जिथे चिकटलाय, तिथे. प्रत्येक सांध्यावर एक. दोन गुणसूत्रं त्या टोकाशी धरून राहिली आहेत ती तिथे देवाणघेवाण झाली म्हणूनच. आणि जिथे माळ सुटली आहे, तिथे या खेपेला ती झाली नाही.

म्हणजे मोजताही येतं. पूर्ण बंद फेरात बारा सांधे. तुमच्या पहिल्या पेशीत बाराची सरळ माळ होती, म्हणजे अकरा. दुसरीत सात आणि पाचचे तुकडे. सातात सहा सांधे, पाचात चार, एकूण दहा. दोन ठिकाणी हात धरलाच गेला नाही. तुम्ही चार दिवस जे शोधत होतात ते पहिल्या पेशीपासून तुमच्या डोळ्यांसमोर होतं.

एक मात्र तिला स्वच्छ सांगा, इथे भल्याभल्यांचा घोळ होतो. कायाझ्मा ही क्रॉसिंग ओव्हरची खूण आहे. खुद्द देवाणघेवाण त्याच्या आधीच उरकलेली असते, पॅकिटीन नावाच्या टप्प्यात, जेव्हा दोन्ही गुणसूत्रं अंगाला अंग चिकटवून झोपल्यासारखी असतात आणि आपल्या मायक्रोस्कोपखाली दोनाचा एकच जाड दोरा दिसतो. स्पो११ नावाचं प्रथिन मुद्दाम डीएनएचे दोन्ही धागे कापतं. तो काप बुजवताना पेशी जोडीदार गुणसूत्राचा आधार घेते, आणि काही ठिकाणी बुजवता बुजवता इकडचा तुकडा तिकडे सांधला जातो. पुढे डिप्लोटीन नावाच्या टप्प्यात दोघं एकमेकांपासून लांब सरकायला लागतात आणि सांधलेल्या ठिकाणी अडकून राहतात. ते अडकणं आपल्याला दिसतं. रात्री कोणी येऊन गेलं आणि सकाळी अंगणात पावलं दिसली, तसं.

पुस्तकातला एक्स बघायचा असेल तर कांदाच घ्या. मूळ नव्हे, फूल. कांद्याची सोळा गुणसूत्रं, आठ फुगड्या, आणि कायाझ्मा टोकाला न सरकता बऱ्याचदा मध्येच राहतो, त्यामुळे फाटा ठसठशीत दिसतो. खंडेराव मार्केटमधून कोंब फुटलेले दहा-बारा कांदे आणा. भाजीवाला असले कांदे बाजूलाच टाकतो, डुंगळी (कांदा) लावायचीय म्हणालात तर स्वस्तात देईल. आत्ताच कुंडीत लावा. थंडी लागली की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. तुम्हाला फेब्रुवारीत गोंडे मिळतील.

गोंड्यावरचं पातळ पापुद्र्यासारखं आवरण नुकतं फाटायला आलं की सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान कळ्या काढा. तांदळाच्या कणीएवढ्या घ्या. परागकोश पिवळा दिसला तर उशीर झाला, आत पराग तयार झालेले असतात. तो काचेसारखा, जरा हिरवट झाक असलेला हवा. एकाच गोंड्यात लहानमोठ्या कळ्या असतात, तेव्हा एक अवस्था चुकली तरी शेजारच्या कळीत सापडते.

तीन दिवस रंग चढला नाही म्हणालात. तुमची सुई नवी, चकचकीत स्टीलची आहे का? ॲसिटोकार्मिनला लोखंडाचा अंश लागतो. आमच्याकडे दर टेबलावर एक गंजलेली सुई जपून ठेवलेली असायची, नव्या शिपायाने ती घासून चकचकीत केली तेव्हा मी खरंच रागावलो होतो. परागकोश थेंबात फोडताना गंजक्या सुईने चार वेळा ढवळा, लाल थेंब जांभळटसर व्हायला लागला की थांबा. मग परागकोशाची सालं एकूणएक उचलून टाका. हे नीट केलं नाही तर काच सपाट बसत नाही आणि मग कितीही दाबा. वर कव्हरस्लिप, स्पिरिटच्या दिव्यावरून तीन-चार वेळा नुसती फिरवायची, हाताच्या मागच्या बाजूला गरम लागेल इतपतच. टिपकागदाच्या घडीत धरून अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा सरकला तर पेशी चुरगळतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उद्या लिहितो. तो घाईत उरकण्यासारखा नाही.

---

गुणसूत्र_२३ (ग्वाल्हेर), १३ नोव्हेंबर

मी एम.एस्सी. करतोय, प्राणिशास्त्र. कायाझ्मा बघायला नराचा नाकतोडा सगळ्यात चांगला. वृषणात सगळ्या अवस्था एकदम मिळतात. नेहमीच्या शेतातल्या नाकतोड्याच्या नरात तेवीस गुणसूत्रं असतात, अकरा जोड्या आणि लिंग ठरवणारं एकटं एक्स गुणसूत्र. ते एकटं एक्स कोणाशीच जोडी लावत नाही, बाजूला गडद पडून राहतं, त्यामुळे 'जोडीदार नसेल तर कायाझ्मा नाही' हे आपोआप दाखवता येतं. पावसाळ्यानंतर भरपूर सापडतात.

---

घडियाळी_पोळ, १३ नोव्हेंबर

काका, तुमचं उत्तर वाचून काल रात्रीच पुन्हा स्लाइड लावली. सांधे मोजले. अकरा, दहा, आणि एका कोपऱ्यातल्या पेशीत पूर्ण कडं, बारा! सकाळी मुली आल्या तेव्हा मी काही न बोलता त्या मुलीला खुर्चीवर बसवलं आणि सांधे मोजायला सांगितले. तिने मोजले, वहीत बारा ठिपके काढले, प्रत्येक दोन ठिपक्यांमध्ये एक बारीक फुली मारली. माझं मन भरून आलं.

ग्वाल्हेरच्या दादांचे आभार, पण पाचपैकी तिघी जैन घरातल्या आहेत. जीव घ्यायचा प्रयोग मी त्यांच्यासमोर करणार नाही. कांदाही त्यांच्या घरी चालत नाही, पण खायचा नाही, बघायचा आहे म्हटल्यावर आयांनी हरकत घेतली नाही.

एक अडचण. कळ्या फिक्स करायला अल्कोहोल लागतं ना, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक ॲसिड? ते इथे मला कोण देणार?

---

स्लाइडवाला_काका, १३ नोव्हेंबर

बरोबर, गुजरातेत ते परवान्याशिवाय मिळायचं नाही. आमच्या लॅबमध्येसुद्धा कुलुपात असायचं, मिलिलिटरनिशी नोंद. तुम्हाला त्याची गरजच नाही. कळी तोडली की पाच मिनिटांत ताजा परागकोश सरळ ॲसिटोकार्मिनमध्ये. त्यातलं पंचेचाळीस टक्के ॲसिटिक ॲसिड पेशी जागच्या जागी धरून ठेवतं. फिक्स केलेल्या कळ्या नंतर कधीही वापरता येतात एवढाच फायदा. तुमच्या गच्चीतच गोंडे असणार, तेव्हा साठवायचंय कशाला? मात्र ॲसिडची बाटली मुलींच्या हातात देऊ नका आणि खिडकी उघडी ठेवा.

आता तो प्रश्न. कोणी पाहिलंय?

१९०९ साली बेल्जियममध्ये यान्सेन्स नावाच्या संशोधकाने, तो धर्मगुरूही होता, सॅलॅमँडरच्या पेशींत हे फाटे बघून म्हटलं की इथे धागे तुटून पुन्हा जोडले जात असावेत. त्याने फाटा पाहिला, अदलाबदल पाहिली नाही. तिकडे न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन फळमाश्यांची संकरं करत होता. त्याला दिसत होतं की एकाच गुणसूत्रावरची जनुकं बहुतेकदा बरोबर जातात आणि कधीकधी फुटतात. त्याने माश्यांच्या गुणांची अदलाबदल पाहिली, गुणसूत्रांची पाहिली नाही. त्याचाच विद्यार्थी स्टर्टेव्हंट, तेव्हा कॉलेजातला पोरगा, त्याने १९११ मध्ये एका रात्रीत हिशेब मांडला. दोन जनुकं जितक्या जास्त वेळा फुटतात, तितकी ती एकमेकांपासून लांब. त्यावरून गुणसूत्राचा पहिला नकाशा झाला आणि १९१३ मध्ये छापून आला. म्हणजे नकाशासुद्धा तयार झाला आणि तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणाकडे नव्हतं! तिने विचारलेला प्रश्न तब्बल वीस-बावीस वर्षं उघडा होता, हे तिला जरूर सांगा.

अडचण कुठे होती बघा. जोडीतली दोन गुणसूत्रं दिसायला सारखी. सारख्या दोन दोऱ्यांनी टोकं बदलली तर बदलली हे कळणार कसं? दोऱ्यांना खूण हवी.

ती खूण कॉर्नेल विद्यापीठात बार्बरा मॅक्लिंटॉक आणि हॅरिएट क्राइटन या दोघींना मक्यात सापडली. मक्याचं नववं गुणसूत्र. त्यातल्या एकाच्या टोकाला रंग गडद घेणारी एक गाठ, आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा जोडलेला, त्यामुळे ते लांब. त्याचा जोडीदार साधा, गाठ नाही, तुकडा नाही. मधल्या भागात दोन जनुकं. एकावर ठरतं दाणा रंगीत की बिनरंगी. दुसऱ्यावर ठरतं दाण्यातला स्टार्च साधा की मेणचट. साध्यावर आयोडीन टाकलं की निळाकाळा होतो, मेणचटावर टाकलं की तांबूस. अशी रोपं वाढवायची, संकर करायचा, कणसातले दाणे निवडायचे, ते पुन्हा पेरायचे, आणि त्यांच्या तुऱ्यातल्या परागकोशांची स्लाइड करायची. ॲसिटोकार्मिनच, ताई. तुम्ही वापरता तेच.

ज्या दाण्यांमध्ये गुणांची नवी जुळणी झाली होती, त्यांच्या गुणसूत्रांतही नवी जुळणी निघाली. गाठ आहे पण तुकडा नाही. तुकडा आहे पण गाठ नाही. दाण्यावर जे बदललं तेच काचेखाली बदललेलं दिसलं. हे १९३१. त्या सुमारास मॉर्गन कॉर्नेलला गेला होता. दोघींचं काम ऐकून त्याने आग्रह धरला की आणखी एका हंगामाची वाट बघू नका, आत्ताच छापा. त्यांचा निबंध ऑगस्टमध्ये आला, आणि थोड्याच आठवड्यांत कर्ट स्टर्नने फळमाशीत तेच दाखवलं. दोघींपैकी क्राइटन तेव्हा विद्यार्थिनी होती, पंचविशीही उलटली नव्हती.

तेव्हा "कोणी पाहिलंय" याचं उत्तर, एका पोरीने आणि तिच्याहून थोड्या मोठ्या ताईने, मक्याच्या शेतात उभं राहून. मॅक्लिंटॉकबाईंना पुढे १९८३ मध्ये नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी, उड्या मारणाऱ्या जनुकांच्या. ते पुन्हा मक्यातच.

---

माळव्याची_माती (इंदूर), १५ नोव्हेंबर

काकांनी फार नेटकं सांगितलं. मी गव्हाच्या वाणांवर काम केलं आहे, म्हणून क्रॉसिंग ओव्हर झालं नाही तर काय होतं ते शेतातल्या बाजूने सांगतो.

राय नावाचं धान्य आहे, गव्हाचं चुलत भावंड. त्याच्या पहिल्या गुणसूत्राचा एक हात गव्हाच्या १बी गुणसूत्रावर आला. त्या हातावर तांबेऱ्याला रोखणारी जनुकं होती, तीही तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्याला, म्हणून जगभरच्या गव्हांत तो घेतला गेला. पण त्याच हातावर रायचं एक प्रथिनही बसलेलं, त्याने कणीक चिकट होते आणि पाव नीट फुगत नाही. आता आपल्याला वाटेल, तांबेऱ्याचं जनुक ठेवू, चिकटपणाचं काढू. पण काढणार कसं? त्यासाठी दोघांच्या मध्ये क्रॉसिंग ओव्हर व्हायला हवं, आणि गहू आपल्या गुणसूत्राला रायच्या हाताशी जोडीच लावू देत नाही. गव्हाच्या ५बी गुणसूत्रावर पीएच१ नावाचं जनुक पहारा देतं, परक्याशी जोडी होऊ देत नाही. शास्त्रज्ञांनी ते जनुक नसलेली गव्हाची झाडं वापरून ही अदलाबदल घडवली, तेव्हा कुठे रायचा हात लहान-लहान तुकड्यांत मोडता आला.

साध्या संकरातही हेच. हवं ते जनुक आणलं की शेजारचं नको असलेलं गळ्यात पडतं. दोघं जितकी जवळ तितकी जास्त झाडं लावावी लागतात, कारण त्या दोघांच्या मधोमध तुटलेलं झाड हजारात एखादंच निघतं. ते ओळखून काढण्यात अख्खा रब्बी हंगाम जातो. ताई, तुमच्या मुलींपैकी कोणी शेतीच्या शाखेला जाणार असेल तर तिला हे सांगा. कायाझ्मा ही परीक्षेतली आकृती म्हणून शिकलेली मुलं शेतात आली की गोंधळतात.

---

रावपुरा_आई (बडोदे), १६ नोव्हेंबर

मी विज्ञानाची नाही. मुलाच्या शाळेतल्या एका बाईंनी हे पान पाठवलं म्हणून वाचलं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे, त्याच्याकडे २१ नंबरचं गुणसूत्र तीन वेळा आहे. तुम्ही लिहिलंत की गुणसूत्रं फुगडीसारखी हात धरून असतात. मग ते हात सुटले तर असं होतं का?

नऊ वर्षं मला सासरच्या मंडळींकडून ऐकावं लागतं की पोटात असताना मी ग्रहण पाळलं नाही, त्या दिवशी मी भाजी चिरली होती. मी ती खरंच चिरली होती. तुम्हाला माहीत असेल तर खरं काय ते सांगा.

---

स्लाइडवाला_काका, १६ नोव्हेंबर

बेटा, मी डॉक्टर नाही, पण पेशीतलं हे काम आयुष्यभर बघितलं आहे, आणि यातलं जे पक्कं आहे तेवढंच सांगतो.

हो, फुगडीचे हात. कायाझ्म्याचं मोठं काम तेच. दोघी हात धरून मागे रेलतात, तेव्हा दोर ताणला जातो आणि शेवटी हात सुटून एक इकडे जाते, एक तिकडे. हातच धरला नसेल किंवा वेळेआधी निसटला असेल, तर दोघी एकाच बाजूला जाऊन पडू शकतात. २१वं गुणसूत्र माणसात सगळ्यांत लहान, त्यावर बहुतेक वेळा एकच पकड असते. तीन २१ असलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत असंच घडलेलं असतं, बहुतेकदा आईच्या बीजांडात.

आता वेळ बघ. पुरुषाच्या शरीरात हे विभाजन वयात आल्यापासून चालू राहतं. बाईचं तसं नसतं. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची बीजांडं या कामाला लागतात. जोड्या लागतात, क्रॉसिंग ओव्हर होतं, कायाझ्मे पडतात, आणि सगळं तिथेच थांबतं. हात धरलेले तसेच. वीस वर्षं, तीस वर्षं. मग ज्या महिन्यात ते बीजांड बाहेर पडायचं त्या वेळी फुगडी सुटते. म्हणजे तुझ्या मुलाच्या बीजांडातले हात तू तुझ्या आईच्या पोटात असताना धरले गेले होते. तुझी आई काय खात होती, काय चिरत होती, याचाही त्याच्याशी संबंध नाही. आणि ते सुटले कसे, हे बीजांडाच्या विभाजनातच ठरलं, बाळ पोटात वाढायला लागण्याच्या आधी. तुझं ग्रहण आलं तेव्हा त्याची सत्तेचाळीस गुणसूत्रं केव्हाच ठरून गेली होती. नऊ महिन्यांत तू केलेल्या कुठल्याही गोष्टीने त्यात एकही वाढलं नाही आणि एकही कमी झालं नसतं.

१९५९ मध्ये ते जास्तीचं गुणसूत्र पहिल्यांदा मोजलं गेलं. तेव्हापासून जगभर लाखो पेशी मोजल्या गेल्या. ग्रहणाचा, भाजीचा, सुरीचा याच्याशी काही संबंध नाही. जो कोणी बोलेल त्याला हे वाचायला दे. आणि रिपोर्ट जिथे केला तिथल्या जनुकतज्ज्ञाकडून एकदा कागद समजून घे, पुढच्या बाळाचा विचार असेल तर नक्कीच.

---

रावपुरा_आई, १६ नोव्हेंबर

यांना वाचून दाखवलं. उद्या सासूबाईंना दाखवणार आहेत.

---

घडियाळी_पोळ, २१ फेब्रुवारी

काका, गोंडे आले! अकरा कांद्यांपैकी सात जगले, पाचांना दांडे आले. पहिले दोन दिवस कळ्या मोठ्या निघाल्या, नुसते परागकण. काल सकाळी पावणेनऊला अगदी बारक्या कळ्या घेतल्या, गंजलेली सुई शेजारच्या शिंप्याकडून आणली होती. पाचव्या स्लाइडवर मिळालं.

आठ जोड्या. दोन-तीन बंद कड्या, काही दांड्यासारख्या, आणि मधोमध एक सुरेख फुली, चारही हात पसरलेली. पाचही मुलींनी बघून झाल्यावर त्या मुलीने एकेका जोडीवरचे कायाझ्मे मोजले. या पेशीत सतरा. तुम्ही सांधे मोजायला शिकवलंत तेव्हापासून ती सगळंच मोजते.

तिचा पुढचा प्रश्न तयार आहे. एका लांब गुणसूत्रावर तीन कायाझ्मे होते, पण तिन्ही एकमेकांपासून लांब लांब. दोन अगदी शेजारी-शेजारी एकदाही दिसले नाहीत. ती विचारते, "एकाला कसं कळतं की दुसरा कुठे आहे?"

---

स्लाइडवाला_काका, २१ फेब्रुवारी

शाब्बास! तुमची आणि तिची, दोघींचीही.

तिने सतरा मोजले ना, तिला सतराला पन्नासने गुणायला सांगा. साडेआठशे. तो तिच्या त्या एका पेशीवरून निघालेला कांद्याच्या नकाशाचा अंदाज, सेंटिमॉर्गनमध्ये, म्हणजे जनुकांमधलं अंतर मोजायच्या एककात. पन्नास का? जोडीतल्या प्रत्येक गुणसूत्राच्या तेव्हा दोन प्रती असतात, म्हणजे जोडीत चार धागे, आणि एका कायाझ्म्यात त्यातले दोनच तुटतात, म्हणून प्रत्येक कायाझ्मा निम्म्याच परागांपर्यंत पोचतो. वीस-पंचवीस पेशी मोजून सरासरी काढली तर आकडा भरवशाचा होईल. स्टर्टेव्हंटने माश्या मोजून जे केलं तेच ती फुल्या मोजून करते आहे. माणसात पुरुषाच्या एका पेशीत साधारण पन्नास कायाझ्मे असतात, तेही तिला गुणून बघू दे.

शेजारी-शेजारी का नाहीत, याला इंटरफिअरन्स म्हणतात. मॉर्गनच्याच लॅबमधल्या मुलरने १९१६ मध्ये हे नाव दिलं, माश्यांच्या आकड्यांवरून. तिला ते डोळ्यांनी दिसलं. एक कायाझ्मा पडला की तो आपल्या आसपास दुसरा पडू देत नाही. जोडी लावताना दोन गुणसूत्रांच्या मधोमध प्रथिनांची एक चेनसारखी पट्टी तयार होते, आणि कायाझ्मा पाडायला लागणारी प्रथिनं त्या पट्टीवरून सरकत सरकत थोड्याच ठिकाणी गोळा होतात, असं अलीकडच्या कामातून दिसतंय. जिथे गोळा झाली त्याच्या शेजारी मग काही उरत नाही. यावर अजून काम चालू आहे, हे तिला मुद्दाम सांगा.

ती फुली असलेली स्लाइड पुसू नका. कव्हरस्लिपच्या चारही कडांना नेलपॉलिश लावा, दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. मग फ्रिजमध्ये आडवी ठेवा, उभी नको. दोन-तीन आठवडे नक्की राहते. मी पुढच्या रविवारी दांडिया बाजारात येणार आहे. चालणार असेल तर अर्धा तास वर येऊन बघेन, मला ती फुली बघायची आहे.